मोकळ्या तारेवर पाच

टेलिफोन खात्यात त्याला सगळे टोन म्हणत. खांबावर चढायचं, तार जोडायची, कमरेला लटकवलेला फोन कानाला लावायचा आणि खाली उभ्या असलेल्याला ओरडून सांगायचं, "टोन आला!" चौतीस वर्षं त्यानं हेच केलं. पण एवढ्यावर तो खाली उतरत नसे. नव्यानं भरती झालेल्याला पहिल्याच दिवशी बजावायचा, "टोन आला म्हणून सायकलवर टांग मारू नका. बोलून बघा. मोकळी असली की सडकी लाइनही टोन देते. ओझं पडलं की कळतं."

पुढे घरातच एक बिघाड झाला, त्या अकरा दिवसांत हे त्याला ऐकवणारं कुणी नव्हतं. तोच काय तो जाणकार.

तो आणि त्याची ताई दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. खाली ड्रायक्लीनरचं दुकान. इस्त्रीच्या वाफेचा वास दिवसभर जिन्यानं वर येई. लग्नं दोघांचीही राहून गेली. का, ते एकमेकांना कधी विचारलं नाही. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. तिनं जन्मभर एका प्रेसमध्ये प्रुफं तपासली. "हिच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक दाखवा आणि माझ्याकडून चहा घ्या," असं प्रेसचे मालक म्हणत. तो चहा कुणाला मिळाला नाही.

सत्तरी ओलांडली तशी ताईची नजर अधू होत गेली, आणि एक दिवस साफ गेली. प्रेसनं सत्कार केला, घड्याळ दिलं. "आंधळीला घड्याळ," ताई घरी येऊन म्हणाली. "प्रूफ तपासलं नाही वाटतं कुणी या सत्काराचं."

टोनला निवृत्तीनंतर एक नाद लागला होता. पत्त्यांच्या कॅटाएवढा हिरवा बोर्ड मिळतो, त्या एवढ्याशावर अख्खा कॉम्प्युटर असतो. छंद म्हणून हौशी लोक घेतात. टोननं तो घेतला, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकला, आणि सात महिने खपून ताईसाठी डबा केला. टेबललॅम्पच्या मोडक्या दांडीवर कॅमेरा. बोर्ड खात्यातल्या जुन्या जंक्शनच्या डब्यात. दाबायला जुन्या फोनचं बटण. खाली पान ठेवायचं, बटण दाबायचं. कॅमेरा पानाचा फोटो घ्यायचा आणि डब्यातली एक बाई ते वाचून दाखवायची.

"हिला स्वल्पविरामाचं वावडं आहे का रे?" पहिल्याच दिवशी ताईनं विचारलं. "धापा टाकत वाचते."

"मशीन आहे ते, ताई."

"म्हणून काय झालं? सांगितलं की सुधारतं माणूस. तूसुद्धा सुधारला होतास की थोडाफार."

लोक म्हणत, बहिणीवर काय जीव आहे बघा याचा. जीव होताच. पण डबा करण्यामागे आणखी एक कारण होतं आणि ते तो कुणाला बोलला नव्हता. डबा नसता तर ताईला वाचून दाखवायला तोच होता.

लहानपणी त्याचं वाचन ताई घ्यायची. तो एक ओळ वाचायचा आणि त्या ओळीत ती त्याला तीनदा अडवायची. "थांब. पुन्हा वाच." तो पुन्हा वाचायचा. पुन्हा "थांब." त्याच्या जिभेला गाठ बसायची, कान तापायचे. नववीत त्यानं शाळा सोडली आणि तिच्याबरोबर मोठ्यानं वाचणंही सोडलं. खात्याची परिपत्रकं तो ओळीखाली बोट फिरवत मनातल्या मनात वाचायचा. सगळ्या गावाचं बोलणं त्याच्या तारांतून गेलं, पण चारचौघांत एक कागद वाचायची वेळ आली की तो चष्मा विसरलेला असायचा.

डब्यामुळे ताईला पुन्हा काम मिळालं. प्रेसमध्ये नवी संपादक आली होती, साहित्यात एमए केलेली. ताई तिला एमए म्हणूनच हाक मारायची. एमए प्रुफांचा गठ्ठा आणून द्यायची. ताई डब्याकडून पान ऐकायची, बटणानं थांबवायची, मागे जायची. दुपारी चार वाजता फोनवर एमएला सांगायची: पान अमुक, ओळ अमुक, हे काढ, ते घाल. कानानं तपासलेलं प्रूफ. प्रेसमध्ये आधी कुणाचा विश्वास बसेना. मग बसला.

त्या हिवाळ्यात एका जहाजावरच्या इंजिनिअरच्या आठवणींचं पुस्तक आलं होतं. दोनशे बारा पानं. म्हातारा इंजिनिअर नव्वदीचा, त्याचा मुलगा परदेशातून येणार होता आणि त्याच्या देखत पुस्तक म्हाताऱ्याच्या हातात पडायला हवं होतं. तारीख हलणार नव्हती. आणि एमएनं ठरवलं होतं की या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ताईचं नाव छापायचं. मुद्रितशोधन, आणि पुढे नाव. चाळीस वर्षांत शेकडो पुस्तकं झाली, नाव कधी कुणी छापलं नव्हतं.

"उगाच काहीतरी," ताई म्हणाली. "प्रूफवाल्याचं नाव कोण वाचतंय?"

मग संध्याकाळपर्यंत तिनं टोनला तीनदा विचारलं, नाव केवढ्या टायपात असेल रे?

थंडी वाढली तशी ताईनं खुर्ची खिडकीशी हलवायला सांगितली. ऊन दिसत नसलं तरी गुडघ्यांना कळायचं. अडचण एवढीच की प्लग दाराजवळ आणि खिडकी समोरच्या भिंतीला. डब्याची वायर पुरेना. टोनच्या पलंगाखाली टेलिफोनच्या तारेचं भेंडोळं होतं, निवृत्तीच्या दिवशी आणलेलं. त्यानं डब्याची वायर मधोमध कापली, चार मीटर तार घातली, सांधे पिळून टेप गुंडाळली आणि भिंतीच्या कडेनं खिळे मारत ती अशी सरळ नेली की बघत राहावं. असलं काम त्याच्यासारखं करणारं कुणी उरलं नव्हतं.

चार दिवस डबा चालला. मध्येच अडखळायचा, मध्येच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. "बाई दमली," ताई म्हणायची. पाचव्या दिवशी सकाळी तिनं बटण दाबलं, तर काहीच नाही.

टोननं झाकण उघडलं. बोर्डावरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि मिटला. प्लग काढून पुन्हा लावला. पुन्हा तेच.

त्यानं मीटर काढलं. बोर्डाकडचं टोक सोडवलं आणि दोन्ही तारांना मीटरच्या सुया लावल्या. पाच पूर्णांक एक. बोर्डाला पाच व्होल्ट लागतात.

"करंट ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बोर्डातच काहीतरी बसलंय."

मेमरी कार्ड काढून पुसलं. दुसरं कार्ड घालून बघितलं. कॅमेरा सोडवला, स्पीकर सोडवला. अडॅप्टर बदलला. दर वेळी मीटर लावलं, दर वेळी पाच पूर्णांक एक, आणि टोक पुन्हा बोर्डाला जोडलं की दिवा लुकलुकायचा आणि मिटायचा. आपण टाकलेल्या तारेकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. ती तार त्याची होती. तिच्यात दोष असेल हे मनात येण्यासारखं नव्हतं.

गठ्ठ्यातली एकशे एकाहत्तर पानं झाली होती. एक्केचाळीस राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "धाकट्या, तोवर तू वाचतोस का? पाच-सहा पानं."

"अगं, होतंयच आता. दहा मिनिटं दे."

दहा मिनिटांचा दिवस गेला. मग आणखी दोन. त्यानं नवा बोर्ड मागवला. यायला आठवडा लागणार होता.

डबा बंद पडल्याच्या पाचव्या दिवशी ताईनं गठ्ठा मांडीवर ओढला. मग म्हणाली, "मी मधे थांबवणार नाही. एका दमात वाच हवं तर."

टोनची मान खालीच राहिली. म्हणजे तिला माहीत होतं. पन्नास-साठ वर्षं माहीत होतं.

"हात गुंतलेत गं माझे," तो म्हणाला. त्याच्या हातात नुसता पेचकस होता.

"बरं," ताई म्हणाली.

सहाव्या दिवशी ताई आंघोळीला गेली असताना एमएचा फोन आला. टोननं उचलला.

"काका, पाच दिवस झाले ताईंचा फोन नाही. बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. डबा जरा आजारी आहे."

"मग मी येऊ का? शनिवारी दुपारी येते, वाचून दाखवते. एका बैठकीत होईल आमचं."

"छे छे! एवढ्या लांब कशाला हेलपाटा? नवा बोर्ड येतोय. पोचलाच समजा."

"नक्की ना? तारीख जवळ आलीय, काका."

"मी आहे ना इथे," टोन म्हणाला.

ताई बाहेर आली. "कुणाचा होता?"

"राँग नंबर."

चौतीस वर्षं ज्यानं लोकांच्या लाइनी जोडून दिल्या, त्यानं हे केलं. त्या घटकेला त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. डबा आपला, बिघाड आपला, दुरुस्तीही आपली. मध्ये तिसरं माणूस कशाला?

पुढचे तीन दिवस ताईनं वाचायचं नाव काढलं नाही. खिडकीशी बसायची, मांडीवर गठ्ठा. कागदांच्या कडेवरून अंगठा फिरवायची. टोन बोर्डावर भिंग धरून जळल्याची खूण शोधायचा. एकही मिळाली नाही.

दहाव्या दिवशी एमए स्वतः आली. जिना चढून धाप लागली होती. छपाई दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती.

"उरलेली मी बघते, ताई. रात्रीत होईल."

"बघशील गं. शिकलेली आहेस तू." ताईनं गठ्ठा उचलला, मांडीवर ठोकून चारी कडा सारख्या केल्या. "पण माझं नाव काढ मग."

"नाव राहणार."

"मग एकशे एकाहत्तर पानांचंच घाल. शेवटची दोन अक्षरं गाळ."

एमए हसली. ताईही हसली. टोन स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभा होता. एमए त्याला म्हणाली, "काका, शनिवारी खरंच आले असते मी." ताईनं मान वळवली, आवाजाच्या दिशेनं. कुठला शनिवार, असं तिनं विचारलं नाही. टोननं कप टेबलावर ठेवले. एक लवंडला.

अकराव्या दिवशी नवा बोर्ड आला.

त्यानं तो खोक्यातून काढला, कार्ड घातलं, त्याच तारेला जोडला. लाल दिवा लुकलुकला आणि मिटला.

टोन खाली बसला. दोन बोर्ड, त्यातला एक आत्ता खोक्यातून निघालेला, एकाच दुखण्यानं जात नाहीत. त्याची नजर हळूहळू बोर्डावरून निघाली, वायरीवर आली, टेपच्या गाठीवर आली, आणि भिंतीच्या कडेनं, सारख्या अंतरावर ठोकलेल्या खिळ्यांवरून, पार दारापर्यंत गेली.

या खेपेला त्यानं टोक सोडवलं नाही. बोर्ड जोडलेलाच ठेवून मीटरच्या सुया लावल्या.

चार पूर्णांक दोन.

मोकळ्या तारेवर पाच. ओझ्याखाली चार पूर्णांक दोन.

टेलिफोनची तार केसासारखी बारीक. माणसांचं बोलणं वाहून न्यायला ती पुरते. एवढ्या भुकेच्या बोर्डाला ती कुठून पुरणार? त्यात पिळाचा सांधा सैल पडलेला. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हेच तर तो समजावून सांगायचा. खांबाखाली उभं राहून, बोट नाचवत.

कापलेल्या वायरीचे मूळचे दोन तुकडे त्यानं तारेतून सोडवले आणि पहिल्यासारखे एकमेकांना जोडले. जुना बोर्ड, ज्याला मेलेला ठरवून त्यानं बाजूला टाकला होता, तो उचलून दाराजवळच्या प्लगपाशी नेला. लाल दिवा लागला. लागलेलाच राहिला. शेजारचा हिरवा लुकलुकू लागला. अर्ध्या मिनिटानं डब्यातली बाई बोलली, "तयार आहे. पान ठेवा."

आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला. "नवा आला वाटतं?"

खरं सांगायचं तर दोनच शब्द लागले असते. जुनाच आहे.

"हो," तो म्हणाला. "नवा."

"बरं झालं. झाकून ठेव. धूळ बसेल."

त्यानंतर ताईनं डबा मागितला नाही. पुढच्या पुस्तकाचा गठ्ठा आला तेव्हा तिनं तो तसाच परत पाठवला. पुरे झालं आता, असा निरोप दिला. टोननं खुर्ची दाराजवळ आणायची तयारी दाखवली. ताई म्हणाली, "ऊन तिकडे येत नाही रे."

तीन आठवड्यांनी पुस्तक आलं. एमएनं आत चार ओळी लिहून पाठवलं होतं. पाकीट फोडताना नव्या शाईचा वास आला आणि ताईनं हात पुढे केला. कव्हर चाचपलं, कणा चाचपला, पानांतून अंगठा सरकवला.

टोन म्हणाला, "डब्याखाली ठेवायचं तर पुस्तक उताणं दाबावं लागेल. कणा मोडेल." त्यानं चष्मा लावला. "मी वाचतो."

ताईनं पुस्तक त्याच्या हातात दिलं. खुर्चीत मागे टेकून बसली.

त्यानं बोट ठेवलं आणि सुरू केलं. पहिल्या पानाला पाव तास लागला. जोडाक्षर आलं की तो आधी दुरून बघून घ्यायचा, मग अंगावर घ्यायचा. घाम यायचा. ताईनं दिलेला शब्द पाळला, एकदाही थांबवलं नाही. दिवसाला दहा पानं व्हायची. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपण बोट ठेवायचं विसरलोय. इंजिनिअर भला माणूस होता, साधं लिहायचा. शहाण्णवाव्या पानावर जहाजावरचं काळं, एका कानाचं कुत्रं मेलं. खलाशांनी ते ताडपत्रीत गुंडाळून भर समुद्रात सोडलं. टोनचा आवाज तिथे जरा फाटला.

"एमएसुद्धा रडली होती या पानावर," ताई म्हणाली. "पुढे."

एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर ती म्हणाली, "थांब."

टोनचे कान तापले. "काय चुकलं?"

"पुन्हा वाच."

त्यानं बोट ठेवलं. एकेक शब्द सुटा करून वाचला. "संध्याकाळी... धक्क्यावर बसलो की... कुत्रं येऊन... पायांवर मान टाकायचं."

"कुठलं कुत्रं?"

त्यानं वरची ओळ बघितली. "बोटीवरचंच. काळं. एका कानाचं."

"ते मेलं ना रे? मग वर्षभरानं धक्क्यावर कसं आलं?"

टोननं पानं उलटली, शहाण्णव काढलं, पुन्हा एकशे सत्त्याऐंशीवर आला. दोन्ही ठिकाणी तेच कुत्रं. नव्वदीच्या माणसाच्या आठवणीत ते एकदा मेलं होतं आणि एकदा नव्हतं. असलं ताईनं झोपेतसुद्धा पकडलं असतं. हे पान त्या एक्केचाळीसांतलं होतं.

"मीच नीट वाचत नसेन," तो म्हणाला.

"नाही रे," ताई म्हणाली. "तू नीट वाचलंस."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला हे म्हणाली.

ड्रायक्लीनरच्या इस्त्रीचा फुस्स आवाज खालून येत राहिला. थोड्या वेळानं ताईनं विचारलं, "शेवटच्या पानावर आहे का?"

त्यानं पान काढलं. मुद्रितशोधन, आणि पुढे तिचं नाव. दोन्ही शब्द त्यानं वाचले, आणि मग ताईचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तिनं ते डावीकडून उजवीकडे नेलं, परत आणलं.

"लागत नाही हाताला," ती म्हणाली. "कुत्र्याचं एमएला सांगू नकोस हं. मनाला लावून घेईल पोरगी."

एमएला हे कळलं ते पुढच्या वर्षी, ताई गेल्यावर. टोननंच सांगितलं. शनिवारचं, राँग नंबरचं, तारेचं, जुन्या बोर्डाचं, सगळं सांगून झाल्यावर सगळ्यात शेवटी कुत्र्याचं. बोलताना तो टेपचा एक तुकडा बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता.

त्या दिवशी मात्र ताई एवढंच म्हणाली, "वाच पुढे."

तो वाचू लागला. एकशे अठ्ठ्याऐंशी झालं. एकशे एकोणनव्वदच्या मध्यावर त्याला दुरूनच दिसलं, कुत्रं पुन्हा येत होतं. जहाज सुटायच्या वेळी ते धक्क्यावर भुंकत उभं होतं, चांगल्या दोन ओळी. टोननं श्वास घेतला, त्या दोन ओळी सोडल्या आणि पुढच्या वाक्यावर गेला. जोड काही नीट बसला नाही. इंजिनिअर धक्क्यावर उभा होता तो एकदम खोल समुद्रात पोचला. असा सांधा कुणाच्याही कानाला खटकला असता.

टोन वाट बघत राहिला. वाचता वाचता वाट बघत राहिला.

ताईनं थांबवलं नाही.